पाण्याचं अक्षर

आबा, माझा पाय मोडला ते वर्ष मला अजून लख्ख आठवतं. उन्हाळ्यात आपल्याकडे आरणीत, म्हणजे साठवणीच्या उंच कुडात, कांदा भरणं चाललं होतं. मी वर चढून पाटीतला कांदा आत ओतत होते आणि तिथून घसरले. मंचरच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. शाळा उघडली, वाडीतल्या सगळ्या पोरी नवी दप्तरं घेऊन गेल्या, आणि मी पडवीत खाटेवर. तुम्ही घोडेगावला कचेरीत शिपाई होता. संध्याकाळच्या एसटीनं उतरायचात आणि लंगडत घराकडे यायचात, कारण तुमच्या डाव्या पायाला बोटं नव्हती. त्या दिवशी मी रडत होते. शाळेत नवीन धडा सुरू झाला असेल, मी मागे पडणार, हे माझं रडगाणं. तुम्ही टोपी खुंटीला अडकवली, माझी पाटी उचलली आणि खाटेच्या कडेला बसलात. "मराठी तर गुरुजी शिकवत्यात," तुम्ही म्हणालात. "मी तुला दुसरं शिकवतो. ते त्यांना बी येत न्हाई."

दोन तिरक्या रेघा, वर एकमेकींना टेकलेल्या. "हा माणूस. बघ, चाललाय." मग त्याच माणसाला एक आडवी रेघ दिलीत. "हात पसरले. आता हा मोठा." एक चौकोन काढून त्यात आडवी आणि उभी रेघ घातलीत, आणि सांगायच्या आधीच मी ओरडले, "वावर!" तुम्ही किती खूश झालात. "वावरच. त्यांच्यात बी बांध घालत्यात." चौकोनाची खालची रेघ सगळ्यांत शेवटी ओढायची, हा तुमचा नियम. मी ती आधी ओढली की तुम्ही बोटानं पुसायचात. तीन सुळके म्हणजे डोंगर. नुसता चौकोन म्हणजे तोंड. मधे एक सरळ रेघ खाली गळासारखी वळलेली आणि दोन्ही बाजूंना शिंतोडे उडालेले, ते पाणी. माझ्या पाटीवर तुम्ही चिनी लिहीत होता, हे मला दोन दिवसांनी कळलं, तेही आई स्वयंपाकघरातून ओरडली तेव्हा.

"ते असलं लिवणं माझ्या घरात नको. त्या लोकांनी तुमची बोटं नेली."

"बोटं थंडीनं नेली," तुम्ही शांतपणे म्हणालात. "त्यांच्यातल्या एकानं पाणी पाजलं."

आईनं भाकरी तव्यावर आपटली.

चीनच्या लढाईत तुम्ही पकडले गेलात, हे गावाला माहीत होतं, पण ते तुमच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. कचेरीतले लोक "काय चिनी पावणं" म्हणून हाक मारायचे. तुम्ही हसल्यासारखं करायचात. सव्वीस जानेवारीला शाळा माजी सैनिकांना बोलवायची, तेव्हा नेमकं तुमचं जुन्नरला काहीतरी काम निघायचं. मला मात्र तुम्ही सांगितलंत, त्या पडवीत, तुकड्यातुकड्यानं. कैदेत असताना पाय सडले म्हणून तुम्हाला एका खोलीत ठेवलं होतं. तिथं लादी पुसायला एक म्हातारा यायचा. त्याची भाषा तुम्हाला येईना, तुमची त्याला. एकदा तुम्ही पाण्यासाठी नुसते हातवारे करत होता. त्यानं वाटी आणली, आधी तुम्हाला पाजलं, मग उरलेल्यात बोट बुडवून खाटेच्या फळीवर ते अक्षर काढलं. फळी वाळली की अक्षर जायचं, की तो पुन्हा काढायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं वाटी मागं धरली आणि तुमच्याकडे बघत राहिला. तुम्ही बोटानं फळीवर ते अक्षर काढलंत, आणि वाटी पुढे आली. "तवापास्नं रोज एक," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, आपण अजून माणसांत आहोत."

तुम्ही माझ्यावर रागावलात ते एकदाच. पाटीवर माणसांची ओळ काढून ठेवली होतीत, एकामागे एक. मी विचारलं, हे कोण? "आमच्या सेक्शनची पोरं, फौजेतली." मग तुम्ही चहा प्यायला आत गेलात आणि मी खालच्या रिकाम्या जागेत भराभरा माणसं काढली, फराटे नुसते, एकाचे पाय लांब, एकाचे वर टेकलेलेच नाहीत. तुम्ही परत आलात, बघितलंत, आणि तुमचा चेहरा असा झाला की मी पाटी छातीशी धरली. "एकेक नीट काढ. घाईत काढलेला माणूस उभा राहत न्हाई." तुमचा आवाज चढला होता. त्या ओळीतले किती परत आले हे मी विचारलं नाही. संध्याकाळभर मी एकेक माणूस काढत बसले, आणि तुम्ही प्रत्येकाकडे बघून मान हलवत होता.

पाय बरा झाला, शाळा, मग घोडेगावचं कॉलेज, मग पुण्याला औषधांच्या दुकानात नोकरी. एकदा फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत मला चिनी शिकायचं लहान मुलांचं पुस्तक मिळालं, चित्रांचं. शनिवारी ते तुमच्या हातात ठेवलं. तुम्ही चष्मा लावून अंगणात बसलात आणि पान न् पान बघितलंत. घोड्याच्या पानावर थांबलात. तुम्ही शिकला होता त्या घोड्याला खाली चार ठिपके होते, चार पाय. पुस्तकात नुसती एक रेघ. "आता सोपं केलंय त्यांनी," मी म्हणाले. तुम्ही त्या रेघेवर बोट ठेवलंत. "पाय काढले की गं त्याचे," म्हणालात, आणि पुस्तक मिटून उशाशी ठेवलंत. त्यानंतर ते कायम तिथंच असे.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी तुम्ही उठायला गेलात आणि कोसळलात. मी मंचरच्या दवाखान्यात पोचले तोवर उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. ऐकलेलं कळत होतं, पण तोंडातून फक्त एक आवाज यायचा, आणि तोच तोच आवाज निघतो हे तुम्हाला कळायचं, म्हणून डोळे भरायचे. नर्सनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं, पाणी, जेवण, संडास. बोट ठेवा म्हणाली. तुम्ही त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिलात, परक्या मुलखातल्या पाटीकडे बघावं तसं. तुमचं स्वतःचं नाव लिहून दाखवलं तेही ओळखलं नाहीत. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा डावा हात चादरीवर हलत होता. आई म्हणाली, "हात वळवळतोय नुसता, धर गं." मी धरायला वाकले आणि थांबले. मधली रेघ, खाली वळलेली. मग बाजूंचे शिंतोडे. पुन्हा तेच. मी चमच्यानं पाणी पाजलं, आबा, आणि तुम्ही डोळे मिटलेत ते मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांना दाखवलं. एक लिपी जाते आणि दुसरी राहते असं कधीकधी होतं, म्हणाले, मेंदूचं काही सांगता येत नाही. मला काही विचित्र वाटलं नाही. बोलायला कुणी नसताना तुम्ही ती अक्षरं शिकला होता.

घरी आणल्यावर माझी रजा संपत आली. आदल्या संध्याकाळी आईनं चूल सारवून झाल्यावर हात धुतले, खडू माझ्यापुढे टाकला आणि फरशीवर बसली. "मला शिकीव." मराठीत तिला सही तेवढी यायची. मी माणूस काढला. तिनं मान तिरकी करून बघितलं. "ह्याला डोकं कुठंय?" मग त्याच माणसाच्या दोन्ही बाजूंना ठिणग्या दिल्या, म्हटलं, ही आग. "पेटलाय की ह्यो! म्हंजी त्यास्नी थंडी वाजली की हे काढणार." दोन फळ्यांचं दार, चौकोनात आडवी रेघ घातलेलं ऊन, वावर, तोंड, पाणी. तिनं खडू मुठीत धरून एकेक काढलं, दात ओठात रुतवून. वावराची खालची रेघ शेवटी, हे तिला सांगावं लागलं नाही. पडवीत तुम्ही ते मला सांगत होता तेव्हा ती आत भाकरी थापत ऐकत होती तर.

मी शनिवारी यायचे आणि दर वेळी तुमचं दोघांचं बोलणं पुढे गेलेलं असायचं. तुम्ही तिच्या तळहातावर वावर काढलंत की ती खरंच वावरात जाऊन यायची आणि सगळं सांगायची, मेथी उगवली, पाट फुटला, शेजाऱ्याची म्हैस शिरली. दार काढलंत की तुम्हाला खुर्चीसकट अंगणात आणायची. तीही तुमच्या हातावर काढायची, तिला बोलता येत होतं तरी. एका शनिवारी मी फाटकातून आत आले, तर तुम्ही दोघं उन्हात बसलेले, तिचा हात तुमच्या मांडीवर. तुम्ही काहीतरी काढलंत आणि ती लाजली. माझी आई, आणि लाजली! "गप बसा आता," म्हणाली. मी विचारलं, काय म्हणाले? "काई न्हाई." तुम्हा दोघांना हातात हात घेतलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बॅग खाली ठेवून मी चहा करायला आत गेले.

तुम्ही गेलात तो बुधवार होता. निरोप मिळून एसटीनं पोचेपर्यंत तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. रात्री बायका उठून गेल्यावर आईनं सांगितलं, दुपारी तुम्ही हात मागितलात, एक अक्षर काढलंत, सावकाश. तिला कळलं तरी पुन्हा काढलंत. मग झोपलात. मी म्हटलं, कुठलं गं? तिनं मूठ मिटली. "ते आमचं व्हतं."

पुढे मी पुण्यात चिनी शिकायला संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. तिथल्या बाई म्हणतात, माझ्या रेघा जुन्या माणसांसारख्या आहेत. आता मला शेकड्यांनी अक्षरं येतात. नवीन शिकले की मनात येतं, हे असेल का? पण आईला तर मोजकीच यायची, म्हणजे त्यांतलंच एखादं, इतकं साधं. एकदा वही तिच्यापुढे धरली. तिनं पानं उलटली, "चांगली हायेत," म्हणाली, आणि परत दिली.

वर्गातले विचारतात, चिनी का शिकता? मी सांगते, वडिलांची आठवण. ते खरं आहे, पण पुरतं नाही. आबा, हे पत्र तुमच्यापर्यंत कसं पोचवायचं मला कळत नाही आणि आईला मी ते वाचून दाखवणार नाही. शेवटी तुमच्या उशाशी ती होती, तिलाच ते अक्षर मिळायला हवं होतं, हे मला पटतं. तरी तिनं मूठ मिटली ना, तेव्हापासून मला तिचा हेवा वाटतो.