न विचारता दुरुस्त केलेला पंप

बंद घर, दिवस ४१

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

चंद्रावर राहायची तालीम म्हणे! जमिनीवरच्याच एका पत्र्याच्या डब्यात पाच देशांचे आम्ही सहा जण कोंबलेत. नळकाम येतं म्हणून मला घेतलं. इथली खिडकीसुद्धा चित्राची, त्यावरची धूळ तेवढी खरी. हां, सांगायचं राहिलंच. पाण्याचा पंप गळत होता. इंजिनीअरबाई झोपल्या होत्या, मी गुपचूप दुरुस्त केला. आपल्या घरी अशा माणसाला चहा तरी मिळतो. बाईंनी आठ दिवस अबोला धरलाय! काही हवं असलं की फळ्यावर लिहितात. कप्तान रोज सगळ्यांना गोल बसवून विचारतो, मनात काय आहे. मी म्हणतो, काही नाही. चारचौघांत कुणाची चुगली कशाला? तो लिहून घेतो, 'आनंदी'. माझं डोकं फिरलंय. दार आतून उघडतं. नव्वद दिवसांआधी एक जण जरी बाहेर पडला तर सगळ्यांचीच तालीम बाद. तरी रविवारी मी निघतो.

लोभ शिल्लक असला तर राहू दे.
तुझा भिंगरी

घर, १४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गॅरेज सोडलंस, बोट सोडलीस, बेकरी तर जेवणाच्या सुट्टीतच सोडलीस. आता पाच जणांची मेहनत पाण्यात घालून येणार? माझा अर्धा स्वेटर तू परस्पर विणून पुरा केलास, आठवतं? टाके माझ्यापेक्षा सरळ होते, म्हणून तर जास्त राग आला. मला बाईंचं कळतं. तोंड उघड, गाढवा. त्याला चुगली म्हणत नाहीत.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.
ताई

बंद घर, दिवस ४७

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

बोललो. म्हटलं, या अबोल्याने जीव घुसमटतोय, मी चाललो. बाई तडक उठल्या, पंप पूर्ण खोलला आणि माझ्यासमोर पुन्हा जोडला. तीन तास कुणालाच पाणी नाही. मग म्हणाल्या, पंप बंद पडला असता तर जाब मला विचारला असता, आणि तू आत काय केलंस ते मलाच ठाऊक नसतं. मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. डॉक्टरला माझी शीळ सहन होत नाही. कप्तान तर म्हणाला, मी उघडे टाकलेले खण तो चाळीस दिवस मुकाट बंद करतोय. पाचही जण तासभर माझ्यावर तोंडसुख घेत होते. जा असं मात्र एकानेही म्हटलं नाही. चिडून बांधलेली पिशवी परत रिकामी केली.

अजून त्रेचाळीस दिवस, तेही शीळ न वाजवता. कसे काढायचे ते कळव, आणि लोभ जरा जास्तच धाड.
तुझा भिंगरी