दुखरा पाय कुठला

७ जानेवारी
पुन्हा चुकले! काळी घोडी दुडक्या चालीत समोरून आली, मान खाली-वर. मी ठासून सांगितलं — डावा. धाकटी लगाम धरून शेजारून पळत होती, तिला घोडी धड दिसतही नसणार. तरी धापा टाकत म्हणाली, "उजवा ना, डॉक्टर?"
उजवाच. दुखरा पाय टेकताना घोडं मान वर उचलतं. मला हे तोंडपाठ आहे. डोळ्यांना मात्र नाही.
"थोरली, बहिणीची नजर घे जरा उसनी," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले — दात दिसले म्हणजे हसणंच ना!

८ जानेवारी
इतकी वर्षं गाई-म्हशींच्या औषधपाण्यात काढली. घोड्यांचं शिकायची कल्पना माझी. ही आपली "ताई, मी पण येते" करत मागे आली, लहानपणी यायची तशी. आता डॉक्टर एकीलाच हाताखाली ठेवणार. कुणाला, ते सांगायला ज्योतिषी नको.

१५ जानेवारी
डॉक्टरांनी तिला बूट दिले. नवेकोरे, तपकिरी. पळायचं काम तिचं म्हणून! मला काय, तर "तू उभं राहून बघ."
बघतेय.

२३ जानेवारी
आज डॉक्टरांनी नाल बघायला शिकवलं. पाय ओढणाऱ्या घोड्याचा खूर पुढून घासतो, नालाची तेवढीच कड झिजते. "चाल फसवेल, नाल नाही फसवणार."
नंतर पळताना धाकटी सपाट जमिनीवर अडखळली. "बूट जड आहेत गं!" मला बरं वाटलं. इथे तरी खरं लिहावं.

२ फेब्रुवारी
ओळखला! पांढरा घोडा, मागचा डावा. धाकटी चुकली, मी नाही! "थोरलीची नजर बसली," डॉक्टर म्हणाले. सोमवारपासून मी त्यांच्या हाताखाली.
धाकटीने सगळ्यांदेखत मिठी मारली. कानात म्हणाली, "जळकुकडे, झालं ना आता समाधान?"
म्हणजे तिला सगळं कळत होतं. तरी रोज पळत होती.

६ फेब्रुवारी
धाकटी जेवायला आलीय. आत माझ्या मुलीशी खिदळतेय. बूट दारात.
डावा अजून नवाच. उजव्याचं टोक घासून पांढरं पडलंय.
तिला हाक मारून अंगणातून इकडून तिकडे चालायला लावलं. "मी काय घोडी आहे का गं?" म्हणत हसत चालली. मी बघितलं.
देवा, माझं पुन्हा चुकू दे.