व्यंकट लेआउट

१ जून, सकाळ
२८ तारखेला मराठी टायपिंगची परीक्षा. मिनिटाला तीस शब्द. वडिलांच्या जागेवर ऑफिसात लागलोय, ही शेवटची संधी. नापास झालो तर नोकरी गेली. आजपासून रोज दोन तास प्रॅक्टिस.

१ जून, दुपार
दहा मिनिटं बसलो. शिसारी आली. कुण्या दिवट्यानं ही अक्षरं मांडलीत? दोष बोटांत न्हाय, कीबोर्डात आहे. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, त्यात कुठलं बटण कुठंही नेता येतं. आधी स्वतःचा लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, मग प्रॅक्टिस.

५ जून
कॅप्स लॉक हाकलला, तिथं काना बसवला. फुकटखाऊ बटण मेलं! शिवकन्येला बचत गटाचे कागद टाइप करायचे असतात, म्हणून तिचं लॉगिन वेगळं ठेवलं. ती जुन्याच लेआउटवर खुश. काय म्हणावं या बायकोला.

११ जून
लेआउटची फाइल चारशे ओळींची झाली. एक कंस राहिला, अख्खा कीबोर्ड मुका. थू असल्या कॉम्प्युटरवर. माउसची बटणंही उलटी केली, बोटाला आराम. प्रॅक्टिस उद्यापासून.

१६ जून
नवी अक्षरं लक्षात राहीनात. शिवकन्येच्या टिकल्या बटणांवर चिकटवल्या, वर पेनानं अक्षरं. ती म्हणाली, "आवो, परीक्षेतला कीबोर्ड आपल्या घरचा असणार हाय व्हय?" तिला काय कळतंय. टेक्निकल गोष्ट आहे.

१९ जून
लॉगिनच्या स्क्रीनला जुनाच लेआउट चालतो म्हणे. जुनी अक्षरं टिकल्यांखाली. पासवर्ड टाइप होईना. तासभर डोकं आपटून शिवकन्येला बोलावलं. तिनं बटणांकडं न बघता टाइप केला. पासवर्ड 'मोठासाहेब' आहे हे तिला कळलं, याचाच वैताग जास्त.

२७ जून
लेआउट पूर्ण. नाव स्वतःचंच दिलं, 'व्यंकट लेआउट'. स्पीड मोजला न्हाय, पण आत्मविश्वास लई आहे.

२८ जून
हॉलमध्ये कीबोर्ड साधा. बोट सारखं कॅप्स लॉकवर जायचं, एकाही शब्दाला काना आला न्हाय. मिनिटाला चार शब्द. शेजारच्या टेबलावरचा अजहर चौतीसनं पास. त्याचा कीबोर्ड बरा असणार.

२९ जून
नोकरी वाचवायची तर मुदतवाढीचा अर्ज साहेबांना आजच हवा होता. तासाभरात 'महोदय'पर्यंत आलो. शेवटी शिवकन्या बसली, पाच मिनिटांत संपवला. कारण काय लिहू, म्हणाली. मी म्हटलं, सदोष कीबोर्ड. तिनं 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं.

सही तेवढी मी केली.