खाली बत्ती, वर बर्फ

बाबा, बत्तीच्या आचेवर बर्फ कसा होतो, असं तुम्ही मला विचारलं होतंत. उत्तर सापडायला मला वीसेक वर्षं लागली आणि तोवर तुम्ही थांबला नाहीत.

मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत दोन मैत्रिणी घरी आलेल्या. तुम्ही विद्यापीठातली जनरेटरची ड्यूटी संपवून, उज्जैनच्या देवास गेटवरून गरम जिलेबी घेऊन आलात. बशा भरता भरता तुमचं नेहमीचं सुरू होतं. "अर्धं डिझेल तर नुसतं गरमीत जातं. ठंडीत ठीक आहे, मी डबा पाइपावर ठेवून गरम करून घेतो. पण मे महिन्यात त्या गरमीचं काय करायचं? लहानपणी गावच्या दवाखान्यात लशींचा फ्रिज पाहिला होता. गावात लाइट नव्हती. खाली घासलेटची बत्ती, वर बर्फ! कसं होत असेल गं ते?" मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हणायला हवं होतं. पण मैत्रिणी बघत होत्या, म्हणून मी ठसक्यात म्हणाले, "बाबा, असं काही नसतं. कुणीतरी तुम्हाला उल्लू बनवलंय." त्या हसल्या. "असेल बुवा, तू शिकलेली आहेस," म्हणत तुम्ही मला आणखी एक जिलेबी वाढलीत. त्यानंतर मशीनबद्दल तुम्ही मला कधीच काही विचारलं नाहीत. फोनवर फक्त, जेवलीस का?

आता मी त्याच विद्यापीठात इंजिनियर आहे. तुमच्या जनरेटरच्या जागी गॅसचं इंजिन यायचंय. त्याची वीज तर घ्यायचीच, शिवाय वाया जाणारी उष्णताही. थंडीत होस्टेलला आंघोळीचं पाणी, उन्हाळ्यात लायब्ररीला गारवा. कालच्या मीटिंगमध्ये मात्र उष्णतेचा भाग कापायलाच सगळे निघाले होते. "मॅडम, उज्जैन में गर्मी की कौन-सी कमी है?" आणि हशा.

मग मी माठापासून सुरुवात केली. माठ पाझरतो, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, उरलेलं गार होतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, कारण ते हवेतली वाफ ओढतं. या मशीनमध्ये, हवा काढून टाकलेल्या बंद भांड्यात, मिठासारखंच एक द्रावण वाफ ओढत राहतं, म्हणून पाणी उडत राहतं आणि गारवा मिळत राहतो. द्रावणाने पिऊन घेतलेलं पाणी पुन्हा उकळून काढायला इंजिनाची उष्णता. तुमच्या त्या लशींच्या फ्रिजमधलं रसायन वेगळं, पण युक्ती याच जातीची. कितीतरी दिवस चहा ठेवताना मी हे मनातल्या मनात तुम्हाला सांगून पाहत होते. "थांब थांब, मीठ कुठून आलं?" असं तुम्ही कुठे अडवाल ते ओळखून एकेक वाक्य सोपं केलं होतं. काल मीटिंगमध्ये ते ऐकून कुणी हसलं नाही. उष्णतेचा भाग राहिला, बाबा.

उठताना अध्यक्षांनी विचारलं, "इतना आसान करके आपको किसने समझाया?"

"कॉलेज में पढ़ा था, सर," मी म्हणाले. तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण जनरेटरवाल्याची मुलगी म्हणवून घ्यायची त्या खोलीत मला लाज वाटली. तुम्ही असतात, तर हेही मी तुम्हाला लिहिलं नसतं.