आबांचा पितळी पेला

शनिवार, संध्याकाळ

उद्या अकलूजला सासरी जायचंय आणि माझ्या डोळ्यांपुढे तो पितळी पेला येतोय. सासरे, म्हणजे आबा, घरच्या म्हशीचं दूध त्यात काठोकाठ भरून माझ्या लेकीपुढे, चिमीपुढे धरणार. मागच्या वेळी ती ते प्यायली आणि एसटीत सोलापूरपर्यंत पोट धरून रडली. डॉक्टर म्हणाले, दूध पचवणारं एन्झाइम तिच्या पोटात कमी पडतं. आबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "आपल्या म्हशीचं दूध कधी कुणाला बाधलंय व्हय? पिशवीचं पिऊन पोट नाजूक झालंय पोरीचं." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. का ठेवला?

आत्ता बॅग भरताना चिमी म्हणाली, "आई, मी पिते गं. नाहीतर आबांना वाईट वाटतं."

एवढीशी पोर! आबांचं मन तिनं राखायचं आणि मी नुसतं बघायचं?

नाही. उद्या पेला आधी मी हातात घेणार. सगळ्यांसमोर म्हणणार, "आबा, तिला ताक द्या. तुमच्याच म्हशीच्या दुधाचं. ते तिला सोसतं." रागावले तर रागावू देत.

आणि भरलेला पेला आबांना परत न्यायचा नसेल, तर तो मी पिईन. तसंही लग्न होऊन आल्यापासून मला तो कुणी दिलेला नाही.