इंजिन फ्लश, साडू आणि मी

१ मार्च, रविवार. सकाळी साडेसहा.

आजपासून दोन संकल्प. एक, गाडीचं इंजिन आतून साफ करणे. दोन, न चिडणे. दुसरा बायकोच्या आग्रहाखातर. मुळात मी शांत माणूस. जानेवारीत बाथरूमचं दार निखळलं ते बिजागऱ्या कुजल्या होत्या म्हणून. माझी लाथ निव्वळ निमित्त.

गाडी चौदा वर्षांची. सकाळी स्टार्ट केली की इंजिन टकटक करतं, गरम झालं की गप्प बसतं. कागदोपत्री गाडी बायकोची, तिच्याच पगारातून घेतलेली. ती नर्स आहे. पेशंटच्या घरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करते, दिवसाला सात-आठ घरं. गाडीशिवाय तिचं काम होत नाही. मेंटेनन्स मात्र माझ्याकडे. सत्तावीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे. परीक्षानळीच्या तळाची घाण कशाने जाते हे मला कुणी शिकवू नये.

योजना: ऑइलमध्ये घालायच्या, बाजारातल्या तीन ॲडिटिव्हची शास्त्रीय तुलना. नोंदी रोज. निष्कर्षासाठी अर्धी वही कोरी ठेवली आहे.

३ मार्च.

माल आणला. लाल डबा, म्हणजे इंजिन फ्लश. जुन्या ऑइलमध्ये ओतायचा, दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची, मग सगळं काढून टाकायचं. निळी बाटली नव्या ऑइलमध्ये घालून ठेवायची, घाण हळूहळू सुटते म्हणे. पिवळी ट्यूब घर्षण कमी करते. तिन्हींवरही एकच आश्वासन: नव्यासारखं इंजिन.

संध्याकाळी साडू आला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. शोरूममध्ये सोफे विकतो आणि आमच्या सोफ्यावर बसून अक्कल वाटतो. म्हणाला, लाल डबा म्हणजे रंगवलेलं रॉकेल. खरी चीज निळी. त्याच्या गाडीत तीन वर्षं निळी आहे आणि इंजिन आतून आरशासारखं आहे. मी अत्यंत शांतपणे विचारलं की आत डोकं घालून पाहिलंस का. तो म्हणाला, काही गोष्टी अनुभवाने कळतात.

कप भिंतीवर फेकला. भिंतीवरच. मध्ये त्याचा कान आला.

ड्रेसिंग बायकोनेच केलं. घरात नर्स असण्याचे फायदे.

५ मार्च.

मेकॅनिककडे गेलो. सल्ला घ्यायला नव्हे, माहिती द्यायला. त्याने तिन्ही लेबलं वाचली, डबे परत माझ्या पिशवीत ठेवले. त्याचं म्हणणं असं: तुमच्या इंजिनात चौदा वर्षांचा गाळ बसलाय. मध्यंतरी ऑइल वेळेवर बदललं नाही त्याचा. (बदललं नव्हतं, कारण मी ॲडिटिव्हवर वाचन करत होतो.) आता फ्लश टाकलात तर तो गाळ गठ्ठ्याने सुटेल, खाली ऑइल खेचणाऱ्या गाळणीवर जाऊन बसेल, वर ऑइल चढणार नाही आणि इंजिन कोरडं फिरेल. त्यापेक्षा साधं चांगलं ऑइल घाला, दोनदा लवकर बदला. "घाण हळूहळू काढा, साहेब. घाई केलीत तर तीच मारेल."

धंदा बुडायची भीती. दुसरं काय.

त्याच्या वर्कबेंचला हलकीशी लाथ मारली. बेंच लोखंडी निघाला. अंगठा फ्रॅक्चर. बायको पट्टी बांधताना एक शब्द बोलली नाही. समजूतदार आहे.

८ मार्च, रविवार. दुपारी.

ऐतिहासिक दिवस. लाल डबा ओतला. लेबलवर दहा मिनिटं. दहा मिनिटांत इतकी घाण निघत असेल तर चाळीस मिनिटांत चौपट, हे चौथीतलं पोर सांगेल. चाळीस मिनिटं चालू ठेवली. खालून जे ऑइल निघालं ते ऑइल नव्हतंच, डांबर होतं. आनंदाने डोळे भरून आले. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, सगळं निघालं का? मी म्हटलं, सगळं.

मग नवीन ऑइल. त्यात निळी बाटली. त्यात पिवळी ट्यूबही. तिन्हींची तुलना करायची तर परिस्थिती समान हवी, आणि एकाच इंजिनात तिन्ही टाकण्याइतकी समान परिस्थिती दुसरी कुठली? ही गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही.

९ मार्च.

टकटक बंद. इंजिन मांजरासारखं गुरगुरतंय. साडूला फोन. तो म्हणाला, ही सगळी निळीची करामत. मी म्हटलं, लाल. तो म्हणाला, निळी. फोन आपटला. आता नवा फोन बघायला हवा.

१० मार्च.

विशेष काही नाही. पार्किंगमध्ये एका स्कूटरचा आरसा तुटला. आरसाच मध्ये येत होता.

१२ मार्च. सकाळी.

बायकोची तक्रार: सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. तिला समजावलं की सेन्सरला चौदा वर्षं घाणीची सवय होती, आता स्वच्छ ऑइल पाहून तो गोंधळला आहे. ती म्हणाली, मेकॅनिकला दाखवू या. मी टेबलावर मूठ आपटली. टेबलाची काच गेली. ती कामाला निघून गेली.

दुपारी ती जेवायला आली तेवढ्यात दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. ड्रायव्हिंग करताना मन शांत हवं.

१५ मार्च, रविवार.

पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत समोरासमोर सोक्षमोक्ष. दोन्ही गाड्या, दोन्ही बॉनेट उघडी. बहिणी-बहिणी गाडीतच बसून राहिल्या. साडूने ऑइल तपासायची पट्टी, डिपस्टिक, काढली. ऑइल मधासारखं. मी माझी काढली. काळंभोर, आठवड्यातच. मी म्हटलं, काळं म्हणजे सफाई चालू आहे. साडू हसला आणि म्हणाला, आमच्यात सफाई झालेली असते. मग बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटलं की ऑइल त्याने आज सकाळीच बदलून आणलं होतं.

ही फसवणूक होती. विज्ञानाची.

मी डिपस्टिक फक्त दाखवण्यासाठी उचलली. ती त्याच्या गालावर ओढली गेली. त्याने त्याची माझ्या मानेवर ओढली. मी नरसाळं मारलं. त्याने गुद्दा मारला, माझा पुढचा दात हलला. मग माझं डोकं त्याच्या नाकावर गेलं आणि आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. दोघंही ऑइलमध्ये घसरून पडलो तरी सोडलं नाही. पंपावरच्या तिघांनी ओढून वेगळं केलं. माझ्या मुठीत त्याच्या शर्टाचा खिसा राहिला होता.

बायकोने बॉनेट लावून त्यावर आपली ड्रेसिंगची पेटी उघडली आणि आधी त्याचं नाक, मग माझा जबडा पाहिला. मेहुणी कापूस धरून उभी होती. ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "ताई, हे आपल्या गळ्यात घरच्यांनी बांधले, मान्य. पण आपण अजून सोडत का नाही?"

बायकोने उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं नाही. म्हणजे, उत्तर न देणं.

१६ मार्च.

साडूला माफीपत्र लिहायला घेतलं. चार खर्डे. चौथा बरा होता, पण त्यात "तुझं नाक मुळातच डावीकडे वाकडं होतं, आता सरळ होईल" हे वाक्य आपोआप आलं. सत्य लपवता येत नाही. फाडून टाकलं.

संकल्प पुन्हा: न चिडणे. उद्यापासून.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी.

जमेल तसं लिहितो.

दुपारी मेकॅनिकचा फोन. बायको शहराबाहेरच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या पेशंटकडे निघाली होती, ज्याच्या पायाची जखम रोज धुवावी लागते. पुलाच्या चढावर इंजिन ठोकल्यासारखं वाजायला लागलं. दिवा तिला दिसलाच नाही. मग स्फोटासारखा आवाज झाला. आतला दांडा मोडून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. गरम ऑइल सायलेन्सरवर सांडलं आणि पेट घेतला. दार अडकलं होतं. ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडली, मग पेटी आत राहिली म्हणून परत आत वाकली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. एका ट्रकवाल्याने वाळू टाकून आग विझवली.

त्यानंतर ती पेशंटच्या घरी चालत गेली. डाव्या हाताने त्याचं ड्रेसिंग केलं. मग फोन केला. पहिला मेकॅनिकला, दुसरा बहिणीला. मला नाही.

मी पोचलो तेव्हा मेकॅनिक इंजिनाखालचा ऑइलचा ट्रे उघडून बसला होता. गाळणीवर काळ्या गाळाचा बोळा. तो गाडीत आत वाकला, डॅशबोर्डवरची अर्धी वितळलेली चिकटपट्टी नखाने काढली आणि माझ्या हातात दिली.

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. जॅकचा दांडा घेतला आणि पुढची काच फोडली. मग दिवे. मग दारावर, टपावर, जमेल तिथे. कुणावर राग होता ते आत्ताही नक्की सांगता येत नाही. बहुतेक कंपनीवर. साडू नाकावर प्लॅस्टर लावून आला होता, त्याने मागून मिठी घातली. त्याच्या बरगडीत कोपर मारलं, तो खाली बसला. मी पुन्हा दांडा उचलला.

बायको रस्त्याच्या कडेला उभी होती, हात ओल्या फडक्यात.

"मी आत्ता आगीतून बाहेर आलेय," ती म्हणाली. "आणि मला भीती अजून तुमचीच वाटतेय."

ती साडूच्या गाडीत बसून गेली.

१९ मार्च.

ती रागाच्या भरात बोलली. शांत झाली की येईल. मी समजून घेणारा माणूस आहे.

२१ मार्च.

नाही आली.

मेकॅनिककडे गेलो. चूक लाल डब्याची, निळीची की पिवळीची, हे त्याच्याकडून लिहून घ्यायला. त्याने हात पुसले आणि सांगितलं की साडूची गाडीही त्याच्याकडेच येते आणि तिच्या इंजिनात आजवर कसलंच ॲडिटिव्ह गेलेलं नाही. निळी बाटली सील न फोडता सीटखाली पडून आहे. वेळेवर ऑइल, वेळेवर फिल्टर, एवढंच. बाटली फक्त मला चिडवायला घेतलेली.

तडक शोरूम. साडू एका गिऱ्हाइकाला तीन माणसांचा सोफा दाखवत होता. मी त्याला त्याच सोफ्यावर पाडून मारलं. प्लॅस्टर सुटलं, पांढऱ्या सोफ्यावर रक्त. गिऱ्हाईक पळालं. साडूने या वेळी हात उचलला नाही. पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहिला.

"अजून मारायचं असेल तर मारून घ्या, साडूभाऊ," तो म्हणाला. "पण आमच्या घरी येऊ नका. ती दाराला आतून खुर्ची लावून झोपते."

मी म्हटलं, कुणासाठी? तो म्हणाला, तुमच्यासाठी.

वॉचमनने बाहेर काढलं. बोटांचे दोन सांधे सुजलेत. घरी येऊन पेटी शोधली. पेटी नाही. फडकं बांधलं, सैल झालं, पुन्हा बांधलं.

२३ मार्च.

कॉलेजातून रजा. प्रिन्सिपॉल म्हणाले, हवी तेवढी घ्या. माझ्या कामाची किंमत आहे तिथे.

दिवसभर घरात बसून मोजलं, या घरात आपण काय काय फोडलं. एकवीसवर थांबलो. मग लक्षात आलं की माणसं मोजलीच नाहीत.

२६ मार्च.

भंगारवाला गाडी घेऊन गेला. क्रेनला लटकवून. टपावरचे पोचे त्याने हात फिरवून पाहिले आणि विचारलं, ॲक्सिडेंट का? हो म्हटलं.

२९ मार्च, रविवार. सकाळी अकरा.

काल मेहुणीचा मेसेज आला: ताईचे कपडे, चष्म्याची जोडी, पेशंटची रजिस्टरं आणि शेल्फवरच्या पांढऱ्या चपला बॅगेत भरून ठेवा, हे घ्यायला येतील. मी रात्री बसून सगळं घडी घालून भरलं. मला घडी घालता येते हे मला माहीत नव्हतं.

साडू आला. फाटकाबाहेरच थांबला, मोटार चालू ठेवून. त्याच्या इंजिनाचा आवाज अजिबात येत नव्हता. मी बॅग नेली. नाकाबद्दल विचारलं. तो म्हणाला, बरं आहे. तिचा हात कसा आहे विचारलं. तो म्हणाला, त्वचा धरतेय, बोटं हलतात, पुढच्या महिन्यात कामाला जाईन म्हणते, हात पुरता बरा होईपर्यंत आमची ही तिला घेऊन फिरेल. मी म्हटलं, गाडी? तो म्हणाला, हीच.

मग मी विचारलं की माझ्यासाठी काही निरोप आहे का. त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नाही म्हणाला.

बॅग डिकीत ठेवली. झाकण खाली आणलं, दोन्ही हातांनी, अगदी हलकेच, आवाज होऊ नये म्हणून.

लागलं नाही.

साडू उतरला, मला बाजूला व्हायला सांगितलं आणि आपटून लावलं.