दोघांसाठी गरम झऱ्याची सहल

२ मार्च, सकाळी ९
आजपासून शिस्त. कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतली म्हणजे माणूस रिकामा झाला असं नाही. काम बदललं, एवढंच. रोज सकाळी जेवणाच्या वेळेपर्यंत फक्त बक्षीस-स्पर्धांची कार्डं लिहायची. ओरिए विचारते, अहो, एवढी मरमर करून आजवर मिळालं काय? एक पंचा आणि भोपळ्याच्या आकाराचं घड्याळ मिळालं, हे खरं आहे. पण ते सरावाचे सामने होते. बायकांना स्ट्रॅटेजी समजत नाही.

या वेळचं टार्गेट: हिगुराशी करी. करीच्या वड्यांच्या खोक्यावरची खूण कापायची, कार्डावर चिकटवायची, पाठवायची. पहिलं बक्षीस म्हणजे डोंगरातल्या गरम झऱ्याच्या हॉटेलात दोघांचा मुक्काम, जेवणासकट. लग्न झालं तेव्हा ओरिए म्हणाली होती, एकदा जाऊ या. तेव्हा ओव्हरटाइम होता. मग राहिलंच.

६ मार्च
पुन्हा करी. ओरिए म्हणाली, आज तरी मासा आणते. मी म्हटलं, माशाच्या अंगावर खूण छापलेली नसते. ती हसली नाही. विनोद चांगला होता.

९ मार्च
अभ्यास पूर्ण. निष्कर्ष: कार्डाच्या कडा लाल रंगवायच्या, म्हणजे ढिगातून काढणाऱ्याचा हात अडतो. बाईच्या नावानं पाठवायचं, बायकांना जास्त लागतं. आणि ‘मनातलं थोडंसं’ म्हणून जो चौकोन असतो, तिथे खरी लढाई. तिथे कंपनीच्या ऑफिसातल्या मुलींना रडवता आलं पाहिजे.

माझं एक कार्ड माझ्या नावानं साधंच टाकून दिलं. खरं कार्ड ओरिएच्या नावानं. चौकोनात लिहिलं: ‘माझे यजमान गेल्या वर्षी गेले. त्यांना तुमची करी फार आवडायची. अजून रोज त्यांच्या फोटोपुढे थोडी ठेवते. एकदा आईला घेऊन गरम झऱ्यावर जाऊन यावंसं वाटतं.’

वाचून माझेच डोळे भरून आले. किती चांगला माणूस होतो मी.

(आईचं फक्त लिहिण्यापुरतं. तिकिटं हातात आली की कोण जातंय, हे कंपनी बघायला येत नाही.)

१० मार्च
टेबल पुसताना ओरिएनं कार्ड वाचलं. फडकं घडी करून ठेवलं. मग विचारलं, यजमान कशानं गेले म्हणायचे? म्हणजे मी. मी म्हटलं, ते लिहायला जागा नव्हती.

अक्षर आवडलं नसावं.

१२ मार्च, रविवार
ओरिए माहेरी गेली, इतोइगावाला. मोठी बॅग घेऊन. दारात म्हणाली, नवरा गेलेल्या बाईनं थोडे दिवस आईकडे राहिलेलं बरं. टोमणा मारायची पद्धत जुनीच. चार दिवसांत येईल.

स्टेशनवर सोडायला जाणार होतो. पण रविवारी टपालाची पेटी एकदाच उघडतात. कार्ड टाकून आलो.

५ एप्रिल
आलेली नाही. हरकत नाही. फोन करण्यात अर्थ नाही, फोनवर काय बोलणार? त्यापेक्षा सरळ हॉटेलची तिकिटं घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं. बक्षीस हातात असलेल्या नवऱ्याचा चेहराच वेगळा दिसतो.

उरलेल्या वड्या संपवतोय. करी.

२८ एप्रिल
मुदत संपून महिना होत आला. हिगुराशीवाले विजेत्यांची यादी छापत नाहीत. इथे तशी पद्धतच आहे: बक्षीस घरी आलं की समजायचं जिंकलो. नाही आलं तर काहीच समजायचं नाही. लोक याला नावं ठेवतात. मला ही पद्धत फार माणुसकीची वाटते. या पद्धतीत मी आजवर एकदाही हरलेलो नाही.

२० मे
पोस्टमन मिनोवा-सान दिसले. त्यांना अडवून विचारलं, ओरिए उराबे या नावानं काही रजिस्टर वगैरे? ते म्हणाले, उराबे-सान, दुसऱ्याच्या टपालाबद्दल मला बोलता येत नाही हो. मी म्हटलं, बायको दुसरी कशी होईल? त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. मग म्हणाले, तुम्ही एकदा वहिनींनाच फोन करा ना.

याचा अर्थ उघड आहे. काहीतरी येणार आहे आणि त्यांना माझ्या आनंदावर विरजण घालायचं नाही. भला माणूस.

८ जून
काही नाही.

दिवसभर पेटीचं झाकण वाजतंय का ऐकत बसलो. वाजलं तेव्हा पिझ्झाची जाहिरात होती. आज तोंडातून एक शब्द निघाला नाही. संध्याकाळी टबात पाणी सोडलं आणि अंघोळ न करताच काढून टाकलं. आधी ओरिए विचारायची, पाणी फार गरम झालंय का? कुणी विचारणारं नसलं की पाणी कसंही असलं तरी चालतं. घर खायला उठतं म्हणतात, ते मला आता कळलं. तिच्याशिवाय मला राहता येत नाही. हे फक्त इथेच लिहितोय.

सहल लागलीच पाहिजे.

२० जून
पार्सल! पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्याच गरम झऱ्याच्या गावाचं नाव! घाईत पोचपावतीवर सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का उलटा मारला. मी वर बघेपर्यंत मिनोवा-सान फाटकाबाहेर गेले होते.

आत गोड सारणाचे वाफवलेले लाडू. त्या गावाला गेलेला प्रत्येक जण शेजारपाजारी वाटायला आणतो, ते. पाठवणार: ओरिए.

फोन केला. शेवटी केलाच.

म्हणाली की तिनं मार्चमध्येच पोस्टात कळवून ठेवलं होतं, ओरिएच्या नावाचं टपाल तिच्या आईच्या पत्त्यावर पाठवा. म्हणून हिगुराशीचं रजिस्टर तिथे गेलं. पहिलं बक्षीस! (म्हणजे माझी स्ट्रॅटेजी बरोबर होती. नोंद असावी.) कंपनीनं सोबत माझ्याबद्दल दुःख व्यक्त केलं होतं आणि उदबत्त्याही पाठवल्या होत्या. सासूबाईंनी लगेच लावल्या. वास उंची आहे म्हणे.

मग दोघी जाऊन आल्या. उघड्यावरचं कुंड, समोर डोंगर. आई लहान मुलीसारखी हसत होती, म्हणाली.

मी म्हटलं, अगं, ती सहल आपल्या दोघांची होती. ती म्हणाली, तुम्हीच लिहिलं होतंत ना, आईला घेऊन जायचंय? तुमचा एक तरी शब्द खरा केला मी.

मला रडू आलं. फोनवरच.  मग ती आवाज बदलून म्हणाली, अहो, इतोइगावा काय परदेशात आहे का? इतक्या महिन्यांत एकदा तरी आलात? त्या गाडीचं तिकीट खिडकीवर मिळतं. त्याला सोडत लागत नाही. रविवारी या. दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर थांबते. आई मासा करणार आहे. मग बघू.

बघू म्हणाली! नाही म्हणाली नाही.

२१ जून
मासिकं, कात्री, लाल पेन, सगळं कचऱ्यात. तिकीट काढलं. माणूस मागतो, खिडकीतली मुलगी देते. आश्चर्य आहे. निळ्या शर्टाला इस्त्री केली, बाहीला थोडा चटका बसला, दिसत नाही.

स्पर्धांचा विषय कायमचा संपला.

२३ जून
केस कापून घरी आलो तर दाराला चिठ्ठी: पार्सल घेऊन आलो होतो, घरी कुणी नव्हतं. पाठवणार: हिगुराशी करी. आणि नाव ओरिएचं नाही. माझं! साधं टाकून दिलेलं कार्ड लागलं! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावाला, कुणालाही न मारता!

फोन केला. पार्सलवाले म्हणाले, उन्हाळ्यात सगळे एकमेकांना भेटी पाठवतात, त्याची गर्दी आहे, उद्या जमणार नाही, रविवारी सकाळी आणू. सोमवारी आणा म्हणायला तोंड उघडलं होतं. पण विचार केला, बायकोला घ्यायला रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही. ओरिए म्हणायची ना, मिळालं काय? तेच तिच्या हातात ठेवायचं. सकाळी लवकर आलं की गाडी आरामात मिळते.

२५ जून, रविवार
सकाळी. शर्ट घालून दारात बसलोय. येईलच.

गाडी गेली. पुढची आहे.

तीही गेली. ओरिए फोन उचलत नाही. स्टेशनवर असेल, गोंगाटात ऐकू येत नसेल.

दुपार टळल्यावर. आलं! खोकं जड आहे.

गाडीची वेळ विचारायला सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ओरिए तीन गाड्या बघून परत आली, जेवली आणि पडली आहे. मी म्हटलं, आई, माझ्या नावानं बक्षीस आलंय. त्या म्हणाल्या, अभिनंदन हं. मी म्हटलं, संध्याकाळच्या गाडीनं निघू का?  त्या म्हणाल्या, नको. ती म्हणाली, आता नको म्हणून सांग. आणि मासाही संपला.

शर्ट काढून ठेवला.

२६ जून
खोकं आज उघडलं. तिसरं बक्षीस: भाताचा इलेक्ट्रिक कुकर, एका माणसापुरता.

एवढी मेहनत करून मिळतं काय, म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं. रंग पांढरा, बटण एकच, भात मऊ होतो आणि करपत नाही. मी मात्र दोघांचे तांदूळ धुवून बसलो होतो. अर्धे परत काढावे लागले. यात मावत नाहीत.